दारू सोडलेल्याचे बिऱ्हाड

टिळकांच्या जन्मगावी दारूबंदीचा इतिहास सांगावयाचा म्हटले की १९०८ सालापासून आरंभ करण्याचा मोह होतो. त्या साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात गुत्त्यांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. १ ऑगस्ट १९३९ रोजी डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने मुंबई शहरात दारूबंदी आली आणि १९४९ साली प्रांताचा कायदा झाला. हा सारा इतिहास दुकानाचा, परवान्याचा आणि फौजदाराचा आहे. ज्याने प्याला खाली ठेवला तो त्या रात्री कोठे निजला, हा प्रश्न त्यात कोणी विचारलेला नाही. आम्हांस आज तेवढेच बोलावयाचे आहे.

उपचाराची सोय आपल्याकडे उशिरा झाली. १९८१ साली वांद्र्यात फादर जो परेरा यांनी ‘कृपा’ संस्था काढली. अनिल अवचटांचे गर्दच्या व्यसनावरील लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. कामाचा आरंभ त्याच आवारात झाला. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले, हे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. कामगार कामगाराचे ऐकतो, तसा पिणारा पिणाऱ्याचे ऐकतो.

तेथील उपचार पस्तीस दिवसांचा. छत्तिसाव्या दिवशी माणूस एस. टी. ने घरी येतो, आणि तीच आळी, तेच सोबती, तीच उधारी त्याची वाट पाहत असते.

आपल्या कोकण्याला एकत्र राहणे शिकवावे लागत नाही. गिरणगावात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या. पाळ्यांप्रमाणे निजणारे गडी, ज्याची त्याची ट्रंक, भिंतीला टांगलेली वळकटी, आणि भाडे वर्गणीने. दारूपासून दूर राहण्यासाठी त्या खोल्या नव्हत्या, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उलट पगाराच्या रात्री तेथे काय चाले ते पुष्कळांच्या आयांस ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एक जण उपचार घेऊन आला. घरी जावयास तो भीत होता. कचेरीचा पोटमाळा रिकामा होता, तो आम्ही त्यास दिला. महिन्याभरात आणखी दोघे आले. चहा, भात, माशांची आमटी, सारे ते पाळीपाळीने करीत. किल्ली आमच्या खिशात, शिस्त आमची, भाडेही संघटनेचे. चौथ्या महिन्यात एक जण पिऊन आला. उरलेले दोघे म्हणाले, “दादा, ह्याला आज रात्रीच घरी पाठवा. नायतर आमी ऱ्हवत नाय.” आम्ही त्यांना सहानुभूतीवर भाषण दिले आणि त्यास ठेवून घेतले. पंधरा दिवसांत पोटमाळा मोकळा झाला. तिघेही पुन्हा प्यावयास लागले होते.

पुढे ‘ऑक्सफर्ड हाउस’ची हकीकत आमच्या वाचनात आली. १९७५ साली अमेरिकेत मेरीलंड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे व्यसनमुक्तांचे एक सरकारी वसतिगृह पैशाअभावी बंद होणार होते. सहा महिन्यांनंतर तेथे कोणास राहू देत नसत. रहिवाशांनीच ते घर भाड्याने घेतले. नियम तीन : कारभार मतदानाने, खर्च सर्वांनी मिळून, आणि जो पुन्हा पिईल त्याने घर सोडावयाचे. मुदत नाही, नियम पाळील तोवर राहावे. आज अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत. युनियनचे सभासद आपला चिटणीस निवडतात तसे हे रहिवासी आपले पदाधिकारी निवडतात. जन्मभर मालकाला जे आम्ही सांगत आलो, तेच पोटमाळ्यावर आम्ही स्वतः विसरलो होतो. त्या दोघांनी जे मागितले तो त्यांचा ठराव होता. आम्ही तो फेटाळला.

त्यांपैकी दोघे पुन्हा उपचार घेऊन परत आले आहेत. तिसऱ्याचा पत्ता नाही. दोघांसह आणखी एक जण भाडे भरावयास तयार आहे. किल्ली त्यांच्याकडेच राहील. रत्नागिरीतील दोन घरमालकांनी “दारुडे नकोत” म्हणून नकार दिला. तिसऱ्याने मेअखेर सांगतो म्हटले आहे.