सॉकेट जुळणे आणि संगणक सुरू होणे

कामठी मागे टाकून नदी ओलांडली की लागणारे कन्हान हे कोळसा खाणींच्या परिसरातले गाव असून संगणकाच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ असलेली नागपूरची सीताबर्डी तेथून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाल्यावर अशा गावांतही संगणक प्रशिक्षण केंद्रे उघडली. सुटे भाग जोडून केलेला ‘असेंबल्ड’ संगणक तेव्हा ब्रँडेड यंत्रापेक्षा स्वस्त पडे आणि पुढे मदरबोर्ड तोच ठेवून केवळ प्रोसेसर बदलावा, अशी अपेक्षा साहजिकच निर्माण होई.

प्रोसेसर बोर्डावरील ज्या चौकोनी बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि त्यात बसला तो चालला ही समजूत त्याआधीच खोटी ठरली होती. १९९७ मध्ये आलेला पेंटियम एमएमएक्स सॉकेट ७ मध्ये सहज बसे. परंतु त्याच्या गाभ्याला २.८ व्होल्ट लागत, तर जुने कित्येक बोर्ड गाभ्याला आणि बाह्य जोडण्यांना सुमारे ३.३ व्होल्टचा एकच दाब पुरवीत. दोन्ही दाब देणाऱ्या बोर्डावरही जंपर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या इवल्या टोप्या, पुस्तिकेतला तक्ता पाहून बसवाव्या लागत आणि एक टोपी चुकली तरी प्रोसेसर जळण्याचा धोका असे. संगणक जोडणाऱ्या कारागिराचे खरे कौशल्य हा तक्ता वाचण्यात होते, आणि त्याची पुरेशी कदर झाली नाही.

२००४ च्या एलजीए ७७५ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरवरून बोर्डावर आल्या. २००६ चा कोअर टू ड्युओ त्याच सॉकेटचा असूनही ९१५ चिपसेटच्या, म्हणजे प्रोसेसर व इतर भागांतील देवाणघेवाण सांभाळणाऱ्या त्या जुन्या चिपांच्या, बोर्डावर चालत नसे. सर्वांत फसवा प्रसंग २०१७ चा होय: इंटेलच्या आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ११५१ संपर्कबिंदूंच्याच सॉकेटात बसत, मात्र त्यांना ३०० मालिकेचा नवा बोर्ड अनिवार्य होता. ग्राहकाच्या डोळ्यांना दिसेल असा कोणताही फरक नसताना लादलेला हा खर्च अन्यायकारक होता.

एएमडीने त्याच वर्षी एएम४ सॉकेटचे रायझन प्रोसेसर आणले आणि तो सॉकेट अनेक पिढ्या टिकवला. तेथे अडचण बायोसची, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या, बोर्डावरील चिपमध्ये साठवलेल्या प्रणालीची होती. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नसे आणि अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत करण्यासाठी चालणारा प्रोसेसर हवा असे. या पेचातून सोडवण्यासाठी एएमडीने २०१८ मध्ये ग्राहकांना तात्पुरता प्रोसेसर उसना देण्याची सोय केली. पुढे काही बोर्डांच्या १६ मेगाबाइटच्या बायोस चिपमध्ये सर्व पिढ्यांची माहिती मावेना, म्हणून निर्मात्यांनी काही जुन्या प्रोसेसरांची माहिती वगळली. त्यामुळे आज सीताबर्डीला जाण्यापूर्वी बोर्डावर छापलेले मॉडेल व आवृत्ती टिपून घेणे आणि निर्मात्याच्या यादीत त्या प्रोसेसरसमोर किमान कोणता बायोस दिला आहे ते पाहणे आवश्यक ठरते.