एका वर्षाचे दोन विजेते : कोस्टा रिकाच्या फुटबॉल लीगची वाटचाल

१३ जून १९२१ रोजी सान होसे येथे कोस्टा रिकाच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची स्थापना झाली. त्या वेळी देशाची लोकसंख्या पाच लाखही नव्हती. कॉफी पिकवायची, ती इंग्लंडला धाडायची आणि त्या पैशावर घरातल्या मुलाला शिकायला परदेशी पाठवायचे, अशी तेथील सुखवस्तू घराण्यांची रीत होती. ही मुले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परतली ती चेंडू घेऊनच. पुढच्या दोन-तीन दशकांत हा खेळ बंगल्यांच्या आवारातून मोकळ्या माळावर आला आणि मग कोणाच्याच मालकीचा राहिला नाही.

पहिल्या हंगामात सात संघ उतरले. देशाच्या मधोमध, ज्वालामुखींच्या कुशीतल्या पठारावर सान होसे, कार्तागो, एरेदिया आणि आलाहुएला ही चार जुनी शहरे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरात वसलेली आहेत. लीगचा कणा या चार शहरांनीच घडवला. कोल्हापुरात एका पेठेचा संघ दुसऱ्या पेठेच्या संघापुढे उभा ठाकला की जी ईर्षा पेटते, तीच तेथे शहराशहरांत होती. एरेदियाचा ‘एरेदियानो’ हा क्लब लीगच्या आदल्याच दिवशी, १२ जूनला, स्थापन झाला होता. या नवख्या क्लबने पहिलेच अजिंक्यपद पटकावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मध्य अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी ग्वाटेमालात साजरी झाली. तेथे कोस्टा रिकाच्या राष्ट्रीय संघाने आपल्या पहिल्याच सामन्यात एल साल्वादोरला ७–० असे हरवले आणि पाठोपाठ यजमानांना ६–० अशी धूळ चारली. अवघ्या तीन महिन्यांच्या लीगला याहून चांगले प्रशस्तिपत्र मिळाले नसते.

पहिली दोन दशके एरेदियानोची होती. त्यांना टक्कर दिली ती प्रामुख्याने राजधानीतील ‘ला लिबेर्ताद’ या कामगारवर्गाच्या लाडक्या क्लबने. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या या संघाने १९४६ पर्यंत सहा जेतेपदे मिळवली. आलाहुएलाच्या ‘आलाहुएलेन्से’ने आपले पहिले अजिंक्यपद १९२८ मध्ये जिंकले. या क्लबने घडवलेला आलेहान्द्रो मोरेरा सोतो १९३३ मध्ये थेट बार्सिलोनाकडून खेळायला गेला. ‘चेंडूचा जादूगार’ हे बिरूद त्याला मिळाले आणि आलाहुएलाचे मैदान आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. १९०६ साली स्थापन झालेल्या कार्तागोच्या ‘कार्ताहिनेस’ने १९२३, १९३६ आणि १९४० अशी तीन जेतेपदे मिळवली. चौथ्या जेतेपदाची कहाणी मात्र ओघाने पुढे येईल, कारण ती यायला फार वेळ लागला.

१९४८ हे वर्ष देशासाठी उलथापालथीचे ठरले. निवडणुकीचा निकाल रद्द झाला, देशात यादवी पेटली आणि सुमारे दोन हजार माणसे प्राणाला मुकली.  वर्ष सरता सरता देशाने आपले सैन्यच विसर्जित केले. पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, एक नवा संघ लीगच्या पहिल्या श्रेणीत दाखल झाला. पुढची पन्नास वर्षे लीगचा चेहरा ठरला तो हाच संघ.

‘देपोर्तिव्हो साप्रिसा’ या क्लबचा जन्म १६ जुलै १९३५ चा. रोबेर्तो फर्नांदेस हे सान होसेच्या एका वस्तीतले चर्मकार. सारे त्यांना ‘बेतो’ म्हणत. गल्लीतल्या पोरांना खेळवायचे तर अंगावर एकसारखे सदरे तरी हवेत, म्हणून ते रिकार्दो साप्रिसा आयमा यांच्याकडे मदत मागायला गेले. साप्रिसा मूळचे एल साल्वादोरचे, कातालान वंशाचे आणि बार्सिलोनाच्या एस्पान्योल क्लबकडून खेळलेले. त्यांनी हात दिला, म्हणून पोरांनी संघाला त्यांचेच नाव दिले. हा संघ एकेक पायरी चढत वर आला आणि १९५२ मध्ये अजिंक्य ठरला. १९५९ मध्ये तर हा संघ जगप्रदक्षिणेला निघाला. लहानशा देशातल्या एका क्लबने पदरमोड करून खंडोखंडी सामने खेळावेत, हे धाडस त्या काळी कोणाला शहाणपणाचे वाटले नसावे. १९७२ मध्ये तिबास या उपनगरात क्लबने स्वतःचे मैदान बांधले आणि १९७२ ते १९७७ अशी सलग सहा अजिंक्यपदे मिळवली. हा विक्रम अजून अबाधित आहे.

या काळाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. साप्रिसा, आलाहुएलेन्से आणि एरेदियानो या तिघांनी जेतेपद जणू आपसांत वाटून घेतले होते. १९६३ मध्ये कोरोनादो गावच्या ‘उरुग्वाय’ संघाने आणि १९८६ मध्ये प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील पुंतारेनासने ही मक्तेदारी मोडली. पण असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच. लहान गावच्या क्लबने वर्षभर नेटाने खेळावे, आपला चांगला खेळाडू मोठ्या क्लबने उचलून न्यावा आणि हंगामाअखेरीस तळाला राहू नये एवढीच देवाकडे प्रार्थना करावी, असा शिरस्ता पडून गेला होता.

तरीही या लीगची खरी ताकद जगाला १९९० मध्ये दिसली. इटलीतील विश्वचषकासाठी बोरा मिलुतिनोविच यांनी जो संघ नेला, त्यातले खेळाडू याच देशी मैदानांवर वाढलेले होते. ११ जूनला जेनोआत हुआन कायास्सोच्या गोलवर स्कॉटलंड १–० असा हरला. नंतर स्वीडनलाही २–१ अशी मात बसली आणि विजयाचा गोल एर्नान मेदफोर्दने केला. तुरिनमध्ये ब्राझीलविरुद्ध हा संघ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यात उतरला. प्रेक्षकांना तो त्यांच्या युव्हेंटसचा सन्मान वाटला. कोस्टा रिकात मात्र ती जुन्या ला लिबेर्तादला वाहिलेली आदरांजली मानतात. दोन्ही अर्थ खरे मानायला हरकत नाही. सामना ०–१ असा गेला, पण पदार्पणातच संघ बाद फेरीत पोहोचला.

याच दशकात लीगच्या रचनेत पहिला मोठा बदल झाला. हंगाम एका कॅलेंडर वर्षाऐवजी दोन वर्षांत पसरला आणि पुढे त्याचे दोन भाग पडले. वर्षाच्या उत्तरार्धात एक स्पर्धा आणि नव्या वर्षाच्या पूर्वार्धात दुसरी. अर्जेंटिना आणि मेक्सिको यांनीही त्याच दशकात हा मार्ग धरला. कोस्टा रिकात मात्र प्रारंभी वर्षाचा अजिंक्यवीर एकच राहिला. दोन स्पर्धांचे दोन विजेते आमनेसामने येत आणि त्यातून निकाल लागे. २००७ पासून हा संकोच संपला. प्रत्येक स्पर्धेचा स्वतंत्र विजेता, स्वतंत्र करंडक आणि एका वर्षात दोन अजिंक्यपदे, हे सूत्र स्वीकारले गेले. पावसाळ्यातील स्पर्धेला ‘इनव्हिएर्नो’ आणि कोरड्या ऋतूतील स्पर्धेला ‘व्हेरानो’ अशी नावे पडली. २०१७ पासून त्या ‘आपेर्तुरा’ व ‘क्लाउसुरा’ या नावांनी खेळल्या जातात.

या स्पर्धेची रीत थोडी गुंतागुंतीची आहे. अनेक वर्षे बारा संघांचे दुहेरी साखळी सामने, म्हणजे प्रत्येकी २२ लढती होत आल्या. साखळीअखेर पहिले चार संघ उपांत्य फेरीत जातात आणि मग घरच्या-दारच्या दोन-दोन लढती होतात. साखळीत अव्वल राहिलेल्या संघाला मात्र एक संरक्षण आहे. बाद फेरी दुसऱ्याच कोणी जिंकली, तर त्या संघाला अव्वल संघाशी आणखी एक महाअंतिम लढत खेळावी लागते. चार महिने राबणाऱ्याचे श्रम एका वाईट रात्रीत वाहून जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार. शिवाय खालच्या श्रेणीत कोणी जायचे, हे दोन्ही स्पर्धांचे गुण एकत्र करून ठरते. म्हणजे करंडक सहा महिन्यांचा, पण शिक्षा वर्षभराच्या हिशेबाने.

या बदलावर टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. एका वर्षात दोन अजिंक्यवीर म्हणजे अजिंक्यपद स्वस्त झाले, असे जुने जाणकार म्हणत राहिले. प्रशिक्षकाला संघ बांधायला वेळ मिळत नाही, चार सामने हरताच त्याची गच्छंती होते, हीही तक्रार खरी. पण नोंदी वेगळेच काही सांगतात. २००९ चा व्हेरानो जिंकला तो ग्वानाकास्ते या गुरांच्या कुरणांच्या प्रांतातील ‘लिबेरिया मिया’ने. त्याच वर्षीचा इनव्हिएर्नो जिंकला ‘ब्रुहास’ने. वर्षभरात दोन्ही करंडक तीन बड्यांच्या हातून निसटले, असे पूर्वी कधी घडले नव्हते. २०१७ च्या अखेरीस दक्षिणेकडील डोंगराळ पेरेस सेलेदोनने पहिले जेतेपद मिळवले. रिआल माद्रिदच्या गोलपोस्टसमोर उभा राहून तीन चॅम्पियन्स लीग जिंकणारा केलोर नाव्हास याच भागातला. २०१९ मध्ये उत्तरेच्या सान कार्लोसने आपले पहिले अजिंक्यपद साजरे केले. साठ वर्षांत जे दोन-तीनदा घडले, ते दहा वर्षांत चार वेळा घडले. लहान क्लबला वर्षभर दम धरवत नाही, पण चार महिने तो जीव तोडून खेळू शकतो, हे या आखणीने सिद्ध केले.

अर्थात करंडकाने पोट भरत नाही. लिबेरियाला पैशाची ओढाताण चुकली नाही आणि ब्रुहासचे नाव तर काही वर्षांतच पहिल्या श्रेणीतून पुसले गेले. प्रेक्षकसंख्या, प्रक्षेपणाचे हक्क आणि खेळाडूंची परदेशी विक्री यांवरच बहुतेक क्लबांचा संसार चालतो. सर्व क्लबांची संघटना, ‘उनाफूत’, हा डोलारा सांभाळते. प्रत्येक सामन्यामागे गवत कापणारे, तिकिटे फाडणारे, रेडिओवर ओरडून घसा बसवणारे आणि पावसात भिजत लहान मुलांना शिकवणारे असंख्य हात आहेत. त्यांची नावे करंडकावर कोरली जात नाहीत.

लीगची पत या काळात देशाबाहेरही वाढली. डिसेंबर २००५ मध्ये जपानातील क्लब विश्वचषकात साप्रिसाने सिडनी एफसीला १–० असे हरवले, उपांत्य फेरीत लिव्हरपूलकडून ०–३ अशी हार पत्करली आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत सौदी अरेबियाच्या अल-इत्तिहादला ३–२ असे नमवले. अखेरच्या मिनिटांत रोनाल्द गोमेसने फ्री किकवर केलेला गोल निर्णायक ठरला. प्रशिक्षकाच्या जागी तोच मेदफोर्द होता, ज्याने १९९० मध्ये स्वीडनला हरवणारा गोल केला होता. भारतीयांनाही या लीगचे खेळाडू अगदीच परके नाहीत. आलाहुएलेन्से आणि एरेदियानोकडून खेळलेला बचावपटू जॉनी अकोस्ता २०१८ चा विश्वचषक आटोपून थेट कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोस्टा रिकाची मुले गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर खेळली. जर्मनीशी ती १–२ अशी झुंजून हरली, गिनीशी २–२ अशी बरोबरी साधली आणि इराणपुढे मात्र निष्प्रभ ठरली.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे क्लाउसुरा थांबला. १९ मे रोजी रिकाम्या मैदानांवर तो पुन्हा सुरू झाला. अमेरिका खंडात इतक्या लवकर खेळ सुरू करणाऱ्या लीग फार थोड्या होत्या. अंतिम लढतीत साप्रिसाने आलाहुएलेन्सेला हरवले. पण सात वर्षे करंडकाविना तळमळणाऱ्या आलाहुएलेन्सेने त्याच डिसेंबरमध्ये आपले तिसावे अजिंक्यपद मिळवले. सहा महिन्यांत दुसरी संधी देणाऱ्या व्यवस्थेचा हा एक उपयोग.

आता कार्तागो. इरासू ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेली ही देशाची जुनी राजधानी. १९४० नंतर तिच्या क्लबला अजिंक्यपदाने चकवाच दिला. मैदानात कोणी बाहुली पुरली आहे, त्यामुळे संघाला शाप लागला, अशी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. २०१३ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. आजोबांनी पाहिलेले जेतेपद नातवाने फक्त ऐकायचे, अशी गत. तरीही ‘फेल्यो मेसा’ मैदानातील निळ्या-पांढऱ्या सदऱ्यांची गर्दी हटली नाही. अखेर २०२२ च्या क्लाउसुरामध्ये गेइनेर सेगुरा यांच्या मार्गदर्शनाखाली कार्ताहिनेसने साखळीत अव्वल राहिलेल्या आलाहुएलेन्सेला महाअंतिम लढतीत नमवले. शतकाच्या वाटचालीत या लीगने अनेक मोठे विजय पाहिले, पण याच्याइतका प्रतीक्षेचा विजय दुसरा नाही. जेतेपद स्वस्त झाले म्हणणाऱ्यांनी ते त्या रात्री कार्तागोत जाऊन म्हणायला हवे होते.

त्यानंतर बडे क्लब पुन्हा पुढे सरसावले. साप्रिसाने २०२२ च्या आपेर्तुरापासून २०२४ च्या क्लाउसुरापर्यंत सलग चार स्पर्धा जिंकून आपल्या जेतेपदांचा आकडा ४० वर नेला. २०२४-२५ च्या हंगामातील दोन्ही करंडक एरेदियानोने उचलले. १९२१ मध्ये पहिले अजिंक्यपद जिंकणारा तो हाच क्लब.