दोन कोअर की चार? २००७ चा पेच आणि पुण्याचे दोन महासंगणक

#थ्रेड

१/ ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, महापे येथे, आज डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. तेथील सर्व्हरच्या एकेका प्रोसेसरमध्ये डझनावारी कोअर असतात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. २००७ साली मात्र संगणक अद्ययावत करू पाहणाऱ्यापुढे खरा पेच होता : दोन कोअर घ्यावेत की चार? या पेचाचा इतिहास पुण्यातून जातो.

२/ आधी बाजार पाहू. जुलै २००७ मध्ये इंटेलच्या दोन प्रोसेसरांची घाऊक किंमत एकच होती, २६६ डॉलर. 'कोअर २ ड्युओ ई६८५०' मध्ये ३.० गिगाहर्ट्झचे दोन कोअर. 'कोअर २ क्वाड क्यू६६००' मध्ये चार, परंतु प्रत्येकी २.४ गिगाहर्ट्झचे. नुसती बेरीज केली तर ६ विरुद्ध ९.६. ही बेरीज फसवी आहे. ती का, ते पुढे येईलच.

३/ मुळात एकाच कोअरचा वेग वाढवत का नेला नाही? तोच प्रयत्न चालू होता. पण वेग वाढला की उष्णता आणि विजेचा खर्चही वाढे. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला, आणि २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांचे ड्युअल-कोअर प्रोसेसर सामान्य ग्राहकांच्या हाती आले. अनेक कोअर ही हौस नव्हती. दुसरा मार्ग उरला नव्हता.

४/ आता त्या बेरजेकडे. १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल या अभियंत्याने एक अडचण मांडली होती. कोणत्याही कामाचा काही भाग वाटून देता येतो, काही भाग एकापाठोपाठ एक असाच करावा लागतो. हा दुसरा भाग कितीही कोअर जोडले तरी लवकर होत नाही.

५/ वरील दोन प्रोसेसरांना हा हिशेब लावून पाहा. काम २४ अब्ज चक्रांचे धरा. त्यातील निम्मेच वाटता आले, तर ड्युअल-कोअरला ४ + २ = ६ सेकंद लागतील आणि क्वाड-कोअरला ५ + १.२५ = ६.२५ सेकंद. म्हणजे दोन कोअर जिंकले! नव्वद टक्के काम वाटता आले, तर ४.४ विरुद्ध ३.२५, येथे चार कोअर सहज पुढे. दोघांची बरोबरी होते ती सुमारे ५७ टक्क्यांवर. दुकानदाराला विचारण्याचा प्रश्न 'कोअर किती' हा नव्हताच. आपले काम किती वाटले जाते, हे स्वतःलाच विचारायचे होते.

६/ नेमका हाच प्रश्न भारतासमोर १९८० च्या दशकात आला होता, फार मोठ्या आकारात. अमेरिकेने शक्तिशाली क्रे महासंगणक भारताला नाकारला. संरक्षणासाठी त्याचा वापर होईल, ही शंका. हवामान अंदाजासाठी दिल्लीला मिळाला तो क्रे एक्स-एमपी/१४. या आकड्यातील १ म्हणजे प्रोसेसर एकच.

७/ मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे निराळी वाट धरली गेली : एक अतिवेगवान प्रोसेसर मिळत नसेल, तर साधे पुष्कळ जोडावेत. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर त्यासाठी निवडले गेले. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत. १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला.

८/ (बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने 'फ्लोसॉल्व्हर' हा समांतर संगणक १९८६ मध्येच बांधला होता. परमच्या कौतुकात त्याचा विसर पडतो, हे बरे नव्हे.)

९/ परमच्या कथेत यंत्राचेच गुणगान होते. माझ्या मते अधिक कठीण होते ते काम वाटून देणे. त्यासाठी सी-डॅकने 'परास' ही स्वतंत्र सॉफ्टवेअर व्यवस्था घडवली. ती नसती, तर ट्रान्सप्युटर एकमेकांची वाट पाहत बसले असते.

१०/ दुसरे उत्तर नोव्हेंबर २००७ चे, तेही पुण्याचेच. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' हा महासंगणक जागतिक 'टॉप ५००' यादीत चौथा आणि आशियात पहिला आला. नाव 'एका', आणि आत चौदा हजारांहून अधिक कोअर! प्रोसेसर क्वाड-कोअर झिऑन, ३ गिगाहर्ट्झचे. म्हणजे क्यू६६०० चेच भाऊबंद.

११/ या भाऊबंदांची एक गंमत आहे. त्यांच्यातील 'चार कोअर' म्हणजे एका वेष्टनात बसवलेल्या दोन ड्युअल-कोअर चकत्या. एका चकतीला दुसरीशी बोलायचे, तर बाहेरच्या सामाईक बसवरून जावे लागे, आणि स्मृतीकडे जाणारा रस्ताही तोच. चारही कोअर एकदम माहिती मागू लागले की तेथे गर्दी होई.

१२/ 'एका'ची सैद्धांतिक क्षमता होती सुमारे १७१ टेराफ्लॉप्स, चाचणीत प्रत्यक्ष मिळाली ११७.९. जवळपास एक-तृतीयांश शक्ती माहितीच्या ने-आणीत आणि वाट पाहण्यात गेली. जगात चौथा आलेला संगणकही या करातून सुटला नाही.

१३/ मग क्यू६६०० घेणाऱ्यांचे काय झाले? त्या काळचे बहुतेक खेळ एक-दोन कोअरच वापरत, त्यामुळे खेळांत ई६८५० पुढे असे. चित्रफितींचे रूपांतर आणि त्रिमितीय चित्रांकन करणाऱ्यांना चार कोअरचा लाभ पहिल्याच दिवशी मिळाला. पुढे काही वर्षांत खेळही चार कोअरसाठी लिहिले जाऊ लागले, आणि तोच क्यू६६०० जुना झाल्यावर अधिक उपयोगी ठरला.