लेकरं कुठं बसलीत?

सप्टेंबर २०२४. धाराशिव जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझा चौथा दिवस होता. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. एक गुरुजी रजेवर. दुसऱ्यांना कसलीशी माहिती घेऊन तालुक्याला जायचं होतं. गाडीला किक मारता मारता ते म्हणाले, "चारही वर्ग आज तुमच्याकडं. काही लागलं तर फोन करा."

मी इतिहासात बीए. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून सहा महिन्यांसाठी, महिना १०,००० रुपयांवर तिथं गेलेली. आदेशावर माझं पद लिहिलं होतं 'प्रशिक्षणार्थी'. प्रशिक्षण कोण देणार, ते मात्र लिहिलं नव्हतं.

पहिल्या अर्ध्या तासात मी या खोलीतून त्या खोलीत बारा वेळा पळाले. मग मागच्या ओट्यावर येऊन आत्याला फोन लावला. तिनं काय शिकवतेस, पुस्तक कुठलं, असलं काही विचारलंच नाही. म्हणाली, "लेकरं कुठं बसलीत?"

"आपापल्या वर्गात."

"उठीव सगळ्यांला. एका खोलीत आण. पहिलीची दाराकडं बसवू नको, त्यांचा जीव बाहेर असतो. त्यांच्यापुढं चिंचोके टाक, दहा-दहाचे ढीग करू दे. दुसरीतल्या एकेकाला चौथीतल्या एकेकाजवळ बसीव, वाचून दाखव म्हण. तू आधी तिसरीला घे. अन् फळ्याचे तीन भाग कर."

दुपारच्या सुट्टीपर्यंत शाळा शाळेसारखी दिसायला लागली. संध्याकाळी मी आत्याला विचारलं, "हे तुला डीएडला शिकवलं का?"

ती हसली. "डीएड लई नंतर झालं गं. आधी आम्हीच एकमेकांला शिकीवलं."

त्या एका वाक्यामागे जिल्ह्याचा मोठा इतिहास आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

हजार रुपयांचे गुरुजी

आत्या वस्तीशाळेची निमशिक्षिका होती. या शतकाच्या अगदी सुरुवातीला सरकारनं वस्तीशाळा योजना आणली. जवळ शाळा नाही अशा वस्त्या, तांडे, वाड्या यांच्यासाठी तिथंच एक शाळा, आणि शिकवायला त्याच भागातला शिकलेला तरुण किंवा तरुणी. मानधन सुरुवातीला महिना १,००० रुपये. इमारत नाही. कुणाचा गोठा, कुणाची ओसरी, नाहीतर मंदिर.

त्याच सुमारास, २००० साली, नियमित भरतीतही 'शिक्षणसेवक' आले. डीएड झालेल्यांनाही पहिली तीन वर्षं ३,००० रुपये मानधनावर काढायची होती. निमशिक्षक त्याच्याही खालच्या पायरीवर. पूर्ण शिक्षक परवडत नाही म्हणून त्याच्या जागी आणलेला माणूस.

तुळजापूर तालुक्यातल्या एका शेतवस्तीवर आत्याला चार इयत्तांची मिळून वीस-बावीस मुलं होती. दिवाळी झाली की ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर त्यातली निम्मी कारखान्याकडं जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायची. आलेल्या मुलाला मधले चार महिने कसे भरून द्यायचे, याचं उत्तर कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

आजूबाजूच्या वस्त्यांवर तिच्यासारखेच सहा जण होते. महिन्याच्या बैठकीत ओळख झाली आणि त्यांनी ठरवलं, महिन्यातून एकदा एकाच्या शाळेत जायचं. ज्याची शाळा त्यानं रोजच्यासारखं शिकवायचं. बाकीच्यांनी मागं, मुलांच्या रांगेत बसायचं. नंतर लिंबाखाली भाकरी सोडून बोलायचं. नियम एकच होता: गुरुजीचं काय चुकलं ते सांगायचं नाही, लेकरानं काय केलं ते सांगायचं.

आत्या सांगते, तिच्या वर्गात शेजारच्या तांड्यावरचा एक मुलगा होता. 'आ' या अक्षराजवळ आईचं चित्र. मुलगा चित्राकडं बघून दरवेळी म्हणायचा, "याडी." आत्याला वाटायचं, याला अक्षरच कळत नाही. मागं बसलेला एक निमशिक्षक तांड्यावरचाच. तो म्हणाला, "त्यानं बरोबरच सांगितलं की. आमच्यात आईला याडी म्हणत्यात. चित्र आईचं हाय, मग त्यानं 'आ' कुठून म्हणावं?" दुसऱ्या दिवशी आत्यानं त्या मुलाला विचारलं, तुमच्या घरात 'या' पासून काय काय आहे?

हे ज्ञान कुणी प्रशिक्षक आणून देणार नव्हता. ते वर्गाच्या मागच्या रांगेत बसल्यावरच दिसणार होतं.

बैठक आली कुठून?

ज्या बैठकीत हे सात जण भेटले, तिचाही एक इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्या जिल्ह्यातली उमरगा-लोहारा भागातली सास्तूरसारखी गावं उद्ध्वस्त झाली. पुढच्याच वर्षी जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. राज्यातले पहिले पाच जिल्हे निवडले, ते सगळे मराठवाड्यातले: औरंगाबाद, लातूर, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. या कार्यक्रमानं आसपासच्या शाळांचं मिळून केंद्र, त्याचा केंद्रप्रमुख आणि शिक्षकांनी एकत्र बसायची पद्धत रुजवली.

कल्पना चांगली होती. पण अशा बैठका हळूहळू परिपत्रकं वाचून दाखवण्याच्या आणि तक्ते भरण्याच्या होतात. आत्याच्या गटानं केलं ते एवढंच, की बैठक उचलून वर्गात नेली. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये पुढं हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथले वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे, परत येऊन आपला वर्ग बदलायचे. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात या भेटींना जोर आला.

हिप्परगा आणि मद्रास

आणखी मागं जायचं तर लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला जावं लागतं. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू, मराठी शाळा मोजक्या. अशा काळात, १९२१ साली, या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ च्या सुमारास तिथं व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण शिक्षक आला. त्याआधी तो कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करत होता. इथंच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला गेले, तिथंही शाळाच उभी केली, आणि पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. आपण त्यांना सेनानी म्हणून ओळखतो. पण त्याआधी अनेक वर्षं ते आपल्या जिल्ह्याच्या आसपास, चळवळीतून वर्गात आलेले मास्तर होते.

मुलानं मुलाला शिकवायची आत्याची युक्तीही जुनीच. मद्रासच्या एग्मोरमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा होती. १७८९ पासून अँड्र्यू बेल तिचा कारभार बघत होता. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली. आपल्या शाळेतही तसं करायला हाताखालचे मास्तर तयार होईनात, तेव्हा त्यानं आठ वर्षांच्या एका मुलालाच शिकवायला बसवलं. त्यावरचं त्याचं पुस्तक १७९७ मध्ये निघालं आणि ही 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर पसरली. का पसरली? कारण एका मास्तराच्या पगारात शेकडो मुलं सांभाळता यायची.

इथं मी जरा थांबले. बेलची मुलं, वस्तीशाळेचे निमशिक्षक, आणि आता आम्ही. प्रत्येक वेळी 'जागी आलेला' माणूस आणला जातो तो स्वस्त पडतो म्हणून. तो काम करता करता, सोबतच्यांकडून, बरंच काही शिकतो. पण ते शिकणं फुकटात झालेलं असतं, म्हणून ते कुठंच मोजलं जात नाही.

निमशिक्षकांचं तेच झालं. शिक्षणहक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला, पात्रतेच्या अटी आल्या. आत्यानं नोकरी करत डीएड पूर्ण केलं. १ मार्च २०१४ पासून त्यांना नियमित सेवेत घेतलं, आणि सेवा धरली तीही त्या तारखेपासून. लिंबाखालची दहा-बारा वर्षं कागदावर आलीच नाहीत. त्या बैठकांची एक ओळही कुठल्या दप्तरात नाही. मी हे लिहितेय ते आत्याच्या आठवणीवरून.

शनिवारी

फोन केला त्या आठवड्यात मी केंद्रातल्या आणखी तीन प्रशिक्षणार्थींचे नंबर मिळवले. शाळा शनिवारी सकाळची असते. आमच्यापैकी एकीच्या शाळेत आम्ही वरिष्ठांना विचारून मागच्या रांगेत बसलो. पहिल्या शनिवारी आत्याही आली. ती काहीच बोलली नाही. मुलांकडं बघत राहिली. शेवटी मात्र मी "तुझं वजाबाकीचं जरा गडबडलं" असं मैत्रिणीला म्हणायला लागले, तेव्हा तिनं माझा हात दाबला. "लेकरानं काय केलं ते सांग."

असे आमचे नऊ शनिवार झाले. मुदत मार्चमध्ये संपत आली, मग पाच महिने वाढली, मग तीही संपली. चौघांपैकी आज एकही त्या शाळांत नाही. पुढं कुणीतरी येईल. कंत्राटी असेल, निवृत्त गुरुजी असतील, नाहीतर माझ्यासारखं कुणी. त्याला आदेश मिळेल, हजेरीचा कॅटलॉग मिळेल. आमच्या आधी कोण होतं आणि त्यांना काय उमगलं होतं, हे मात्र मिळणार नाही, कारण ते मागं ठेवायची पद्धतच नाही.

म्हणून निघताना मी शाळेच्या कपाटात एक दोनशे पानी वही ठेवलीय. नऊ शनिवारचं सगळं तिच्यात आहे: कुठल्या मुलीला हातचा सुट्ट्या पैशांनी कळला, कोण दिवाळीनंतर कोयत्यावर जातं, कोण घरी कुठली भाषा बोलतं. शेवटची चाळीस पानं कोरी सोडलीत. पहिल्या पानावर आत्याचा प्रश्न लिहिलाय, आणि खाली तिचा नंबर. तिला विचारूनच.