नॅनोकणांचे पचनमार्गातील विघटन
तोंडावाटे पोटात गेलेल्या अतिसूक्ष्म कणांचे जठर व आतड्यांत होणारे रूपांतर. नॅनोकण साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे मानतात. औषधवाहक कण काही शे नॅनोमीटरचेही असतात. गिळल्याबरोबर लाळ, श्लेष्मा, पाचक विकरे व पित्तक्षार यांचा थर कणावर चढतो. पुढचे बरेचसे कण कशाचा बनला आहे यावर ठरते.

या विषयातले मोलाचे काम चंडीगढला झाले. तेथील पीजीआय या वैद्यकीय संस्थेत (स्थापना १९६२) जी. के. खुल्लर, राजेश पांडे व सहकाऱ्यांनी क्षयावरची रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड व पायराझिनामाइड ही औषधे पीएलजी या बहुवारिकाच्या नॅनोकणांत भरून उंदरांना तोंडावाटे दिली. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. साधी औषधे दिवसभरात रक्तातून नाहीशी झाली. कणांतले रिफाम्पिसिन ४ दिवस, तर उरलेली दोन्ही औषधे ९ दिवस रक्तात आढळली. क्षयबाधित उंदरांना दर दहाव्या दिवशी एक याप्रमाणे ५ मात्रा दिल्यावर ऊतींत क्षयजंतू सापडले नाहीत. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही महिनोन्‌महिने गोळ्या घेणे रुग्णाला किती जड जाते आणि उपचार अर्धवट सुटला की औषधांना दाद न देणारे जंतू कसे बळावतात, हे पाहता या कामाचे महत्त्व मोठे आहे.

पीएलजीचे विघटन मुख्यतः पाण्यामुळे होते. पाणी कणात झिरपते, बहुवारिकाच्या साखळीतले एस्टर बंध तुटतात आणि लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्ले सुटतात. शरीर ती नेहमीच्या चयापचयात वापरून टाकते. ही झीज संथ असते, म्हणून औषधही बेताबेताने बाहेर पडते. काही कण आतड्यातील पायर पट्टिका या लसीकाभ ऊतींच्या एम पेशींतून अखंड आत शिरतात आणि त्यांची झीज ऊतींत पूर्ण होते.

स्निग्ध नॅनोकणांची गत वेगळी. लायपेज विकर त्यांतील मेद फोडते, पित्तक्षार त्या तुकड्यांना सामावून घेतात आणि औषध मेदाबरोबर शोषले जाते. म्हणजे तुपाचे पचन होते तसेच. आयसोनियाझिडच्या सान्निध्यात जठराम्लात रिफाम्पिसिन लवकर नासते. हे नासणे टाळण्यासाठी चंडीगढच्याच पंजाब विद्यापीठात इंदू पाल कौर व सहकाऱ्यांनी रिफाम्पिसिन घन स्निग्ध कणांत बंदिस्त केले.

काही कण अल्जिनेट या बहुशर्करेचे असतात; ती फोडणारे विकर माणसाकडे नाही. आतड्यातील काही जीवाणू ते काम करतात. असेंद्रिय कणांपैकी झिंक ऑक्साइड जठराम्लात झपाट्याने विरघळते. चांदीचे कण अंशतः विरघळतात आणि क्लोराइडशी संयोग पावून सिल्व्हर क्लोराइड बनते. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र विरघळत नाही. त्याचा फार थोडा अंश शोषला जातो, बाकीचा विष्ठेवाटे जातो. शोषलेला अंश ऊतींत साचू शकतो आणि जनुकीय इजेची शंका पुरती फिटलेली नाही, म्हणून युरोपीय संघाने २०२२ मध्ये या पांढऱ्या रंगद्रव्याचा खाद्यपदार्थांतील वापर बंद केला.