हुतुतूचे रसिक

मेलबर्नकरांनी आपल्या फुटबॉलचे नियम १८५९ साली लिहून काढले. पुढे तेथील उपनगरे आपापल्या संघाच्या यशापयशाशी जडून गेली. हा जिव्हाळा कर्जत-खालापूरच्या कबड्डीवेड्या गावांना समजावून सांगावा लागत नाही. आमच्या हुतुतूत तर प्रेक्षकाचा कान पंचाइतकाच जागरूक असे. चढाई करणाऱ्याचा दम तुटला की मैदानाकाठून ओरड उठे. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ बर्लिनला दाखविला; २०१४ साली त्याची व्यावसायिक लीग सुरू झाली व खेळाडूंवर बोली लागू लागली. आता चढाईस ३० सेकंदांची मर्यादा आहे. घड्याळास आमचा विरोध नाही. परंतु दम पारखणारा रसिक गावोगाव उरला नाही, तर या खेळास कैवारी कोण राहणार?