काळा पडदा आणि हिरवा दिवा : एका प्रायोगिक प्रणालीच्या बिघाडांचा इतिहास



संगणकाचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण बहुतेक वेळा यशाच्या तारखा सांगतो. अमुक साली अमुक यंत्र सुरू झालं, अमुक साली अमुक प्रणाली आली. पण ते यंत्र सुरू होण्याआधी किती वेळा सुरू झालं नाही, आणि का नाही, ही बाजू राहून जाते. आज आपण तीच बाजू बघणार आहोत. त्यासाठी एक जोडी घेऊ. एक हौशी लोकांचा तळहाताएवढा संगणक, रास्पबेरी पाय. आणि त्यावर चालवायची एक प्रायोगिक ऑपरेटिंग सिस्टीम, प्लॅन नाइन.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा यंत्रावर काहीतरी अडतं तेव्हा एखादा भाग मोडलाय असं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा कुणीतरी, कधीतरी, आपल्या परिस्थितीत अगदी रास्तपणे काहीतरी गृहीत धरलेलं असतं, आणि आपली परिस्थिती त्यात बसत नाही. ते गृहीतक कुणाचं आणि केव्हाचं हे कळलं, की अर्धी दुरुस्ती झाली म्हणून समजा. म्हणजे बिघाड शोधणं हे एका अर्थानं इतिहास वाचणंच आहे.

आधी प्लॅन नाइनची ओळख करून घेऊ. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल इथं बेल लॅब्ज ही संशोधन संस्था होती. युनिक्स ही प्रणाली तिथलीच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केन थॉम्पसन, रॉब पाइक, डेव्ह प्रेसोटो या मंडळींनी तिथं नव्यानं पाटी कोरी केली. युनिक्सचा जन्म एका मोठ्या यंत्राला अनेक जण जोडलेले असताना झाला होता. आता प्रत्येकाच्या टेबलावर पडदा आला होता आणि सगळं जाळ्यानं जोडलेलं होतं. मग प्रणालीच जाळ्यासाठी का लिहू नये? पडदा, माऊस, दुसऱ्या खोलीतला संगणक, सगळं फाइलसारखं दिसावं आणि फाइलसारखं वापरता यावं, हा त्यांचा मूळ विचार. नाव घेतलं एका गाजलेल्या टाकाऊ सिनेमावरून. १९९२ साली ही प्रणाली विद्यापीठांना दिली, १९९५ साली ३५० डॉलरला विकायला काढली. फारशी कुणी घेतली नाही. पुढे ती मोफत झाली आणि मोजक्या हौशी लोकांनी जिवंत ठेवली. २०२१ साली नोकियानं तिचे हक्क प्लॅन नाइन फाउंडेशनकडे सोपवले.

दुसरा भिडू रास्पबेरी पाय. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमध्ये तो बाजारात आला. पहिल्या मॉडेल बी ची किंमत ३५ डॉलर, मेमरी २५६ एमबी. मुलांनी संगणक मोडून-जोडून शिकावा हा हेतू. त्यात हार्ड डिस्क नव्हती, चालू-बंदचं बटण नव्हतं; मेमरी कार्ड खोचायचं आणि वायर लावायची. कार्ड बदललं की प्रणाली बदलली. प्रयोग करणाऱ्याला याहून सोयीचं काय?

आता वायर लावली, आणि पडदा काळाच. काय करायचं?

नवखा माणूस इथं घाबरून सगळंच बदलतो. कार्ड बदलतो, केबल बदलतो, सगळं पुन्हा उतरवून घेतो. कधीकधी त्यानं चालतंही. पण का चाललं ते कळत नाही, म्हणून पुढच्या रविवारी तेच रडगाणं. आम्ही स्वतः हे पुष्कळ केलं आहे. मग हळूहळू दोन प्रश्नांची सवय लागली. पहिला प्रश्न, शेवटचं कोण बोललं? दुसरा, त्यानं काय गृहीत धरलं होतं?

पायवर सगळ्यात आधी बोलतो तो एक छोटा हिरवा दिवा. कार्ड वाचलं जात असताना तो लुकलुकतो. त्याची एक भाषा आहे. ठरावीक अंतरानं सात वेळा लुकलुकला, तर त्याचा अर्थ कर्नलची फाइल सापडली नाही. पण हे सांगतंय कोण? प्रणाली तर अजून सुरूच झालेली नाही! इथं इतिहास येतो. पायमधली चिप मुळात चित्र आणि व्हिडिओच्या कामासाठी घडवलेल्या कुळातली. तिच्यात चित्रं रंगवणारा भाग हा घरचा कर्ता, आणि आपण ज्याला मुख्य प्रोसेसर म्हणतो तो एआरएम भाग जणू मागाहून आलेला पाहुणा. वीज आल्यावर आधी उठतो तो चित्रांचा भाग. तो कार्डावरच्या आपल्या फाइली वाचतो, एक सेटिंगची फाइल बघतो, मग कर्नल मेमरीत ठेवतो आणि शेवटी एआरएमला उठवतो. आपल्याकडे घरच्या संगणकाची सवय असलेला माणूस धरून चालतो की मुख्य प्रोसेसर आधी. इथं उलटं आहे. म्हणून सात लुकलुकी दिसल्या तर प्लॅन नाइनला बोल लावण्यात अर्थ नाही, तिचा पायच उंबऱ्याच्या आत पडलेला नाही. बहुधा सेटिंगच्या फाइलीत कर्नलचं नाव चुकलेलं असतं.

बरं, दिवा नीट लुकलुकला, पडद्यावर इंद्रधनुषी चौकोन आला आणि तिथंच थांबला. याचा अर्थ चित्रांचा भाग बोलला, त्यानं काम पुढे सोपवलं, आणि कर्नल गप्प आहे. आता कर्नलचं ऐकायला दुसरा कान लागतो, आणि तो म्हणजे सिरियल केबल. पायच्या पिनांच्या रांगेत आठ आणि दहा क्रमांकाच्या पिना बोलण्या-ऐकण्याच्या. तिसरी जोडणी जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. एक सावधगिरी घ्यायची. या पिना ३.३ व्होल्टच्या. पाच व्होल्टची केबल लावली तर बोर्डाला कायमची इजा होऊ शकते. मग दुसऱ्या संगणकावर वेग ११५२०० ठेवायचा आणि वाट बघायची.

काहीच आलं नाही तर? २०१५ साली पाय २ आला तेव्हा अनेकांच्या वाट्याला हे आलं. पहिल्या पायमध्ये सिरियल पोर्ट, दिवे, पिना या सगळ्यांचे मेमरीतले पत्ते एका ठिकाणी होते. पाय २ मध्ये मेमरी वाढली आणि ही अख्खी वस्ती दुसरीकडे हलवली गेली. जुना कर्नल बिचारा मन लावून बोलत होता, पण पत्र जुन्या पत्त्यावर टाकत होता. म्हणूनच प्लॅन नाइनमध्ये पहिल्या पायसाठी एक कर्नल आणि पुढच्यासाठी वेगळा कर्नल आहे. २०१६ च्या पाय ३ मध्ये आणखी गंमत झाली. चांगला सिरियल पोर्ट ब्लूटूथला दिला आणि पिनांसाठी एक साधा पोर्ट ठेवला, ज्याचा वेग चिपच्या घड्याळाशी बांधलेला. घड्याळ बदललं की अक्षरांचा भुगा. तेव्हा लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी : संपूर्ण शांतता आणि भुगा हे दोन वेगळे बिघाड आहेत. शांतता असेल तर पत्ता किंवा वायर तपासा. भुगा येत असेल तर आनंद माना. कुणीतरी बोलतंय, फक्त वेग जुळत नाही.

इथं एका माणसाचं नाव घ्यायला हवं. प्लॅन नाइन पायवर आणली रिचर्ड मिलर यांनी. हेच मिलर १९७७ साली ऑस्ट्रेलियात वुलनगाँग विद्यापीठात होते. युनिक्स तोवर पीडीपी जातीच्या यंत्रांवरच चालत असे. विद्यापीठाकडे होतं इंटरडेटा ७/३२ नावाचं वेगळंच यंत्र. मिलर यांनी युनिक्स त्यावर उतरवलं. परक्या जातीच्या यंत्रावर युनिक्स नेण्याचा तो पहिला प्रयत्न म्हणून ओळखला जातो. त्यांची रीत बघण्यासारखी आहे. एकदम उघड्या यंत्रावर उडी घेतली नाही. आधी त्या यंत्राच्या मूळ प्रणालीच्या आधारानं युनिक्स उभं केलं, आणि मग एकेक टेकू काढत गेले. म्हणजे काही बिघडलं तर शेवटचा काढलेला टेकू कोणता, हे ठाऊक असायचं. पस्तीस वर्षांनी तोच माणूस ३५ डॉलरच्या बोर्डावर तेच काम करतो, याला काय म्हणावं? अनुभव म्हणावा.

त्या काळातला एक जुना घोटाळाही सांगून ठेवतो, कारण पुढे तो लागणार आहे. काही यंत्रं दोन बाइटांच्या जोडीत आधी धाकटा ठेवतात, काही थोरला. एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर नेली की जोडीतली अक्षरं उलटी पडतात. ‘युनिक्स’ या शब्दाची चार इंग्रजी अक्षरं अशी उलटली की ‘नक्सी’ असा शब्द होतो. या घोटाळ्याला धंद्यात नावच पडलं, नक्सी समस्या. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर. चूक फक्त ‘समोरचाही माझ्यासारखाच’ या समजुतीची.

असो. समजा प्लॅन नाइन सुरू झाली. करडा पडदा आला. आणि नवा माणूस म्हणतो, अडकली! कारण कुठलंही बटण नाही. माऊसचं उजवं बटण दाबून धरलं की मेनू येतो, सोडलं की निवड होते. माऊस तीन बटणांचा हवा, कारण तो सगळ्यांकडे असेलच हे मरे हिलच्या मंडळींनी धरलं होतं. मागची आज्ञा परत आणायला वरचा बाण दाबावा, तर आज्ञा येत नाही, मजकूर सरकतो. कारण तिथं खिडकीतला सगळा मजकूर खोडता-बदलता येतो. जुनी आज्ञा हवी तर वर जाऊन उचला. आणि काम झाल्यावर सवयीनं वायर ओढली तर पुढच्या वेळी फाइली गोंधळलेल्या सापडतात. आधी फाइल-यंत्रणा थांबवायची आज्ञा द्यावी लागते. यातलं काहीही बिघडलेलं नाही. आपण दुसऱ्यांच्या घरात शिरलोय आणि चपला कुठं काढायच्या ते विचारलेलं नाही, एवढंच.

आता शेवटचा बिघाड. हा आमच्या जिव्हाळ्याचा, आणि खरं तर याच्यासाठीच आजचा विषय घेतला.

सप्टेंबर १९९२. जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देण्याचं काम सुरू होतं, पण ते क्रमांक बाइटांत कसे लिहायचे यावर समाधानकारक तोड नव्हती. न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवताना केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासमोर ताटाखालच्या कागदावर एक रचना मांडली. पुढच्या काही दिवसांत सगळी प्लॅन नाइन त्या रचनेवर चालू लागली. तीच यूटीएफ-८. आज आपण फोनवर मराठी लिहितो ते जवळजवळ सगळं याच रचनेतून जातं. आपलं एकेक देवनागरी चिन्ह तीन बाइटांत बसतं. पहिल्या बाइटाची सुरुवात १११० अशी, पुढच्या दोघांची १० अशी. त्यामुळे मध्येच एखादा बाइट हरवला तरी पुढच्या अक्षराची सुरुवात ओळखता येते. बिघाड एका अक्षरापुरता राहतो. आणि बाइटांचा क्रम ठरलेला, म्हणून नक्सीची भानगडच नाही. बिघाड शोधून शोधून हात तयार झालेल्या माणसांची ही रचना आहे, हे दिसतं.

तर आम्ही पायवर प्लॅन नाइन चालू केली, देवनागरी अक्षरं असलेला फॉन्ट दिला आणि मोठ्या उत्साहानं ‘किल्ला’ असं लिहिलं. काय दिसावं? क च्या नंतर पहिली वेलांटी! आणि ल ला ल जोडलेला नाही, पाय मोडून नुसता शेजारी उभा. बाइट तपासले, एकूण एक बरोबर. मग शेवटचं कोण बोललं? अक्षर रंगवणारा भाग. त्यानं काय गृहीत धरलं? एक क्रमांक म्हणजे एक चित्र, आणि चित्रं ओळीनं डावीकडून उजवीकडे. रोमन लिपीला हे चालतं. आपल्या लिपीत वेलांटी उच्चारात मागून येते आणि कागदावर आधी, त्याला काय करणार?

आता त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं बघा. पुण्यात सी-डॅकमध्ये जिस्ट तंत्रज्ञानावर काम सुरू होतं, ज्याची सुरुवात आयआयटी कानपूरला झाली होती. संगणकात एक कार्ड बसवायचं, आणि जोडाक्षरं, वेलांट्या पडद्यावर जागच्या जागी. त्यासाठी इस्की ही संकेतपद्धती भारतीय मानक म्हणून १९९१ साली ठरली. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. म्हणजे एका टोकाला, मरे हिलला, सगळ्या जगाची अक्षरं कशी साठवायची आणि पाठवायची हा प्रश्न सुटला. पण आपली अक्षरं जोडायची कशी हे ठाऊक असलेलं त्या टेबलावर कुणी नव्हतं. दुसऱ्या टोकाला, पुण्यात, जोडणी सुटली होती. पण ती आठ बिटांच्या जगात. आपल्याकडच्या अनेक छापखान्यांनी आणि कचेऱ्यांनी तर प्रत्येक फॉन्टची वेगळी पद्धत वापरली. म्हणून तेव्हाची फाइल आज उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तिथलं गृहीतक होतं, हाच फॉन्ट कायम असणार.

ती वेलांटी अजून आमच्या प्लॅन नाइनच्या पडद्यावर चुकीच्या बाजूला आहे. ती जागेवर आणायची तर रंगवणाऱ्या भागाला अक्षरांचा गट ओळखायला शिकवावं लागेल, आणि हे काम आपल्यापैकीच कुणाला तरी करावं लागेल. कारण किल्ला कसा दिसतो, हे आपल्यालाच माहीत आहे. यंत्र स्वस्त, प्रणाली मोफत, तिचा सगळा आतला मजकूर वाचायला खुला. दिवा लुकलुकतोय. आता पुढचं कोण बोलणार, एवढंच बघायचं.